सुतकात सोडलेलं दातवण

मंडळी, आपल्या या फिरत्या वहीत मी नेहमी नुसता वाचून सही करतो. आज लिहावंसं वाटलं.

माझी पत्नी जाऊन तीन महिने झाले. सुतकात आत्या म्हणाली होती, दातवण करायचं नाही, नुसती चूळ भरायची. तेव्हापासून मी चूळच भरत होतो. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, समोरचा दात हलू लागला. तो काढावा लागणार, या भीतीने आज सकाळी पातूरहून अकोल्याला डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी दाताच्या कडेचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "पाहा मास्तर, तुमच्या तोंडात जत्रा भरली आहे."

खरंच, बारीक जंतू वळवळत होते. ते सगळ्यांच्याच तोंडात असतात आणि बरेचसे निरुपद्रवी असतात. पण रोज घासलं नाही तर थर साचतो आणि त्यातले जंतू हिरडी सुजवतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी दात साफ करून दिले. "दात वाचेल. पण रोज घासायचं."

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा, तेरा दिवसाचं म्हणलं होतं मी. तू तीन महिने काहून धरून बसला?"

"मले कोणी सुरू कर म्हणलंच नाही."

यावर आम्ही दोघंही हसलो, पोट दुखेपर्यंत. मग तिने बाभळीची काडी आणून हातात दिली आणि माझं दातवण होईपर्यंत अंगणात समोर बसून राहिली.

दुःखात 'हे सोडा' म्हणणारे पुष्कळ असतात. तुमच्या घरी 'आता सुरू करा' असं कोण सांगतं?