पायाळू मावशींची न बसलेली लाथ

देवावर माझा विश्वास होता, पण तो मी म्हणेन तसं वागेल या अटीवर. कंबर धरली तेव्हा हे माझं मलाच कळलं. आधी वाटलं, उसण भरली असेल. शेक घेतला, बाम चोळला, पट्टा बांधून जालन्यातल्या मस्तगडच्या घरातून ऑफिसला जात राहिलो. मग कळ डाव्या मांडीतून पोटरीत उतरली. देवघरात मांडी घालून बसणं होईना, आणि खरं सांगतो, मला देवाचा रागच आला. बायको म्हणायची, "अहो, एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा." पण डॉक्टर म्हणजे ऑपरेशन आणि ऑपरेशन म्हणजे कायमचं अंथरूण, हे माझं गणित पक्कं होतं.

आमच्याकडे उसणीवर एक जुना उपाय आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने कंबरेवर लाथ मारली की उसण पळते म्हणतात. जांब समर्थजवळच्या एका वस्तीवर अशा एक मावशी राहतात असं कळलं. तिथल्या मंदिरात रामाचं दर्शनही होईल आणि कंबरही सुटेल, म्हणून गाडी करून बायकोसह निघालो. मंदिरात रामापुढे उभा राहून म्हणालो, "आज ही लाथ लागू पडू दे." ते मागणं कसलं, हुकूमच होता.

मावशी सत्तरीच्या, वाळक्या अंगाच्या. अंगणात पोतं अंथरून त्यांनी मला पालथं झोपवलं, रामाचं नाव घेतलं. मी दात आवळून पडून राहिलो. काहीच झालं नाही. मान वळवून पाहिलं तर त्या भिंतीला हात लावून तशाच उभ्या, चेहरा उतरलेला.

"भाऊ, पायच उठंना माझा," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकाइला लाथ मारली, असं कधी झालं न्हाई."

"एवढ्या लांबून आलोय मावशी. हळूच मारा."

"बिलकुल न्हाई. राम नको म्हणून राह्यला, मंग मी कशी मारू? जल्दी दवाखाना गाठा."

मी तणतणत उठलो, चपला पायात सरकवल्या आणि निघालो. फाटकापाशी मागून बायको ओरडली, "अहो, चप्पल!" डावी चप्पल अंगणातच निसटून राहिली होती आणि मला पत्ताच नव्हता. अंगठा वर उचलू गेलो, तो उचलेना. राग तिथल्या तिथे गेला. आता चालणंच गेलं तर, एवढी एकच भीती उरली.

गाडी थेट जालन्यातल्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी निजवून पाय सरळ वर उचलून पाहिला, लघवीला अडतं का विचारलं, मग एमआरआय काढायला लावला. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. ते म्हणाले, "कंबरदुखीचे बहुतेक पेशंट औषधं, व्यायाम आणि थोड्या धीराने बरे होतात. एखाद्याला इंजेक्शन लागतं. पण तुमच्या पायाची ताकद चालली आहे. आता ऑपरेशन लांबवू नका." बायकोने लाथेचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, बसली नाही. तिथे दणका बसला असता तर पुढचं काही सांगता आलं नसतं."

भूल देताना मी रामाला हाक मारली, पण या वेळी काही सुचवलं नाही. तुझं तू बघ, एवढंच म्हणालो. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितला. तो किंचित वर आला. बायको तोंडाला पदर लावून रडली, मीही रडलो.

पुढे बरेच महिने व्यायाम चालला. पाऊल अजून थोडं जड पडतं, पण मी चालतो. चालता येऊ लागल्यावर लुगडं आणि नारळ घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी नारळ घेतला, लुगडं परत केलं. "मी काय केलं भाऊ? काहीच केलं न्हाई. हे सीतामाईला नेसवा."

लुगडं घेऊन मंदिरात गेलो. देवाने माझ्यासाठी काय केलं, याचाच हिशेब मी जन्मभर मागत आलो होतो. त्याने काय होऊ दिलं नाही, त्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले.