गोड मागायला शालनकडे

दुपारचं जेवण उरकून मी पलंगावर आडवी होते. उशाशी स्टूल, स्टुलावर वाटीत शिरा, वर ताटली अर्धवट झाकलेली, म्हणजे तुपाचा वास खोलीभर फिरावा. शिरा मला नको आहे. तो मी ह्यांच्यासाठी केलाय. ह्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं हे मला ठाऊक आहे, वेड लागलेलं नाही मला. ह्यांनी एकदा माझ्या स्वप्नात यावं, एवढंच मला हवंय.

कारण हे स्वप्नात येतात. पण माझ्या नाही, शालनच्या. शालन म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते. येते, पदर सावरून बसते आणि सुरू करते, "वहिनी, काल दादा आला हुता. सैपाकघरात कट्ट्याला टेकून बसला. म्हणला, शाले, चहा टाक, साखर जरा हात सैल सोडून घाल." आमच्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागायला लागलं तर ते करून घालतात, म्हणजे त्याचा जीव कशात अडकत नाही. मग शालन करते. चहा, जिलेबी, एकदा तर बासुंदी. कावळ्याला ठेवून उरलेली वाटी मला आणून देते आणि वर म्हणते, "दादानं मागितलं म्हणून केलं बाई." मी वाटी घेते, धुऊन परत करते. पोटात दुखतं माझ्या. खोटं कशाला बोलू?

त्यातून त्या वर्षीची गोष्ट मला विसरता येत नाही. ह्यांना आणि शालनच्या नवऱ्याला, जयवंतरावांना, कोरोनानं एकदमच गाठलं. एकच दवाखाना, एकच वॉर्ड, शेजारशेजारच्या खाटा. जयवंतराव वयानं मोठे, जन्मभर बिडी ओढलेले. ते स्वतःच्या पायानं चालत घरी आले आणि शालननं दारात त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. हे आले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "मावशी, आजार दोघांचा एकच होता. पण ह्यांना मधुमेह. या आजारात साखर आधीच चढते, आणि फुप्फुसाची सूज उतरवायला जे औषध द्यावं लागतं त्यानं ती आणखी चढते. औषध थांबवता येत नाही आणि साखर आवरत नाही. रक्ताच्या गाठी व्हायला लागतात, दुसरे जंतू शिरतात. शुगरवाले सगळेच जातात असं नाही, बरेच घरी जातात. पण जाणाऱ्यांत त्यांचा भरणा जास्त असतो."

म्हणजे बघा, शालनचा नवरा परत आला, आणि माझा गेला तो गेल्यावरसुद्धा तिच्याकडेच जातो. एखादीला एवढं मिळू नये.

मला कारण कळतं. मी ह्यांना वर्षानुवर्षं गोडाच्या चार हात लांब ठेवलं. लग्नकार्यात ह्यांच्या ताटातली जिलेबी मी सगळ्यांदेखत उचलून घ्यायची. शालन मात्र पदराआडून लाडू सरकवायची. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात, तसं तिला देव अजून देतोय. हे माझ्यावर रागावले असतील आणि राग मनात धरूनच गेले असतील, तर मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. म्हणून आज शिरा.

डोळे मिटते. पंखा डोक्यावर कुरकुरतोय. हळूहळू त्याचा आवाज जाड होत जातो, जमिनीतून यायला लागतो. तुपाच्या वासात कुठूनसा उसाच्या मळीचा वास मिसळतो आणि मला वाटतं, ह्यांच्या साखर कारखान्यात गळीत सुरू झालं.

"काय गं, दुपारची झोपायला लागलीस व्हय आता?"

हे पलंगाच्या कडेला, आपल्या बाजूला बसलेत. अंगात कारखान्याची खाकी, केस ओले. चेहऱ्यावर दवाखान्याची सूज नाही. मी उठून बसते, की आधीच बसलेली असते, ते नीट कळत नाही. मला रडू यायला हवं, पण आधी रागच येतो.

"सापडलं का घर?" मी म्हणते.

"घर कुठं हरवलं हुतं?" हे ताटली उचलतात, वास घेतात. "शिरा कुणाला?"

"तुम्हाला."

"मला? आणि तू केलास?" हे हसायला लागतात. खांदे हलेपर्यंत हसतात.

"हसायला काय झालं? शालनकडे जाऊन बासुंदी मागता. माझ्याकडे नाही मागता येत?"

"तुझ्याकडं मागून कवा मिळालंय?"

खालची फरशी गरम व्हायला लागलीय. बघते तर फरशी नाहीच, लोखंडी जाळी आहे, पलंग जाळीवर उभा आहे आणि समोर पॅन. हे कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे घराएवढा उंच बंद हंडा, त्यात उसाचा पाक उकळत ठेवून साखरेचा दाणा धरवायचा. आत काय चाललंय ते बघायला त्याला काचेचा डोळा असतो. साखर करणाऱ्या माणसाला साखरेनंच धरावं, याची गंमत कारखान्याच्या सगळ्या वसाहतीनं केली. मला कधी हसू आलं नाही.

हे काचेला डोळा लावून उभे आहेत. मीही वाकून बघते. आत पाक नाही. आत शालनचं स्वयंपाकघर आहे, शालन डब्यातून साखर घेतेय, एक चमचा, त्यावर आणखी एक, वर आणखी.

"बघा, केवढी घालते," मी म्हणते. "माणसाला शुगर आहे, याचा काही विचार?"

"आता काय व्हतंय मला?"

"तेच तर. आता चालतं म्हणून तिकडे जाता."

"बाजूला हो, काचेवर वाफ धरती तुझ्या बोलण्यानं," हे म्हणतात आणि बाहीनं काच पुसतात.

काच पुसतात तेव्हा ती दवाखान्याच्या वॉर्डची खिडकी असते, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला आम्ही असतो. खाटा लांबवर गेल्यात. नळ्या, हिरवे पडदे, कुठंतरी मशीन टिकटिकतंय. तेव्हा मला या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता मी अनवाणी उभी आहे आणि कुणी हटकत नाही. शेजारच्या खाटेवर जयवंतराव पायात बूट घालून बसलेत, डबा खातायत. मला बघून घास हातात धरून म्हणतात, "वैनी, आमची गाडी आली की आम्ही निघतोय." मी त्यांच्याकडे बघत नाही. त्यांच्या बुटांकडे मात्र बघते.

हे खाटेवर आडवे आहेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली एक नर्स त्यांचा डावा हात घेऊन बसलीय. तिचा चेहरा दिसत नाही. तिच्या चिमटीत ह्यांचं बोट आहे.

हे मला सहन होत नाही. ती जागा माझी आहे. रोज सकाळी चहाच्या आधी ह्यांचं बोट मी टोचायची. एवढा उकळता पॅन सांभाळणारा माणूस, टाचणीएवढ्या सुईला भ्यायचा. भिंतीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, सांगून टोच. मी एकदाही सांगून टोचलं नाही. मी विचारायची, काल कुठं काय खाल्लं? हे थाप जुळवायला लागले की लक्ष सुटायचं, तेवढ्यात माझं काम उरकायचं. ही रीत आमची दोघांचीच होती. शालनला माहीत नाही, आणि या पांढऱ्या पोशाखातल्या पोरीला तर नाहीच नाही.

"काका, टोचते हं," ती म्हणते आणि टोचते.

"बरं झालं की," मी ह्यांना म्हणते. माझा आवाज मलाच आंबट लागतो. "सांगून टोचणारी पाहिजे होती ना? मिळाली."

"न्हाई गं," हे म्हणतात. मास्कमधून आवाज लांबून येतो. "सांगितलं की जास्त दुखतं. आणि हातमोज्यावर हातमोजा. हात ऊन की गार, कळतच न्हाई. पोरगी चांगली हाय. पर हाताचं काय कळत न्हाई."

"आकडा किती आला?"

"आकडा आता ऐकू नये असा येतो. त्या औषधानं आत सारखी वाफ वाढती. पॅन असता तर झडप फिरवली असती. हितं झडप कुठं हाय तेच घावंना."

मी खाटेच्या लोखंडाला धरते. विचारायला आले होते ते आता विचारते. "माझ्या हातून काय कमी पडलं का? लोक म्हणतात, एवढं सांभाळत होती, तरी शुगरनंच नेला. का मी जास्तच सांभाळलं? तेवढ्यासाठी येत नाही का तुम्ही? राग आहे का माझा?"

जयवंतराव डबा बंद करतात. त्यांची गाडी आलेली असावी, कारण त्यांची खाट रिकामी आहे आणि चादरीला सुरकुतीसुद्धा पडलेली नाही.

हे मास्क काढून उशाखाली ठेवतात, उठतात आणि न्हाणीकडे चालायला लागतात. मी मागोमाग जाते. ही वसाहतीतली आमची जुनी न्हाणी. मोरीपाशी काळ्या मुंग्यांची रांग लागलीय. ह्यांची शुगर आम्हाला आधी डॉक्टरांनी नाही, मुंग्यांनी सांगितली. मी हळद टाकायची, रांग परत लागायची. माझी आई राहायला आली होती, तिनं ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "इंदू, जावयाची लघवी तपासून घे बाई." त्या दिवसापासून मी ह्यांच्या ताटावर नजर ठेवली.

"मुंग्यास्नी बरं कळतं," हे मोरीपाशी वाकून म्हणतात. "मी कुठं बसलो, कुठनं उठलो. तू हळद टाकायचीस तवा मला त्यांची कीव यायची."

"विषय बदलू नका."

"बदलत न्हाई." हे माझ्याकडे बघतात. "शिरा निवला असंल."

आम्ही पलंगावर आहोत. स्टूल आहे, वाटी आहे. माझ्या हातात शुगर बघायचं मशीन आहे, जुनंच, कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेलं. हे भिंतीकडे तोंड करून बसतात आणि डावा हात मागे माझ्याकडे करतात. करंगळीशेजारचं बोट पुढे.

"आधी बघ," हे म्हणतात. "मग शिरा."

"आता कशाला बघायचं? आता तर चालतं ना तुम्हाला?"

"शालनकडं चालतं. हितं बघून खायचं."

मी त्यांचं बोट धरते. गार आहे, पण त्यांचंच आहे. टोकाला तो खरखरीतपणा आहे, वर्षानुवर्षं मी टोचून टोचून केलेला. असा त्या नर्सला करता आला नसता आणि शालनला तर कधीच नाही. छाती भरून येते माझी, आणि त्यात थोडी घमेंडही आहे.

"सांगून टोच," हे भिंतीला सांगतात.

"हो. काल शालनकडे काय खाल्लं?"

"काय न्हाई बा. चहा घेतला. तोबी बिनसाखरेचा. तिनं लई आग्रह केला, पर मी म्हणलं..."

टोचून होतं.

"टोचलंस?"

"केव्हाच."

कापूस शोधायला मी इकडेतिकडे बघते, कापूस नाही. थेंब फुगतो, बोटावरून घरंगळतो आणि त्यांच्या बाजूच्या चादरीवर पडतो.

"सांडलं की," हे म्हणतात.

"राहू दे. मी धुईन."

मी त्यांचं बोट माझ्या मुठीत दाबून धरते, रक्त थांबेपर्यंत धरायची तशी. हे हात सोडवून घेत नाहीत. भिंतीकडेच बघत म्हणतात, "शालन वाटी देती. बसवती, खायला घालती, चांगली हाय. पर बोट कोण धरत न्हाई."

"मग इतके दिवस का आला नाहीत?"

"तू झोपतीस कुठं? तू जागी राहून माझी वाट बघतीस. जाग्या माणसाकडं यायचं कसं?"

मी मूठ आणखी घट्ट करते.

"किती आली?" हे विचारतात.

"मशीन अजून दाखवत नाही."

"बघून सांग. बरी असंल तर दोन घास खातो. नसंल तर ताटली झाक, मी काय म्हणणार न्हाई."

मी मशीनकडे बघते. पडद्यावर काहीतरी उमटायला लागलंय, मी ते डोळ्यांजवळ नेते. आकडा बरा यावा असं एवढ्या जिवानं मी कधी मागितलं नव्हतं.

पंखा कुरकुरतोय.

खोलीत ऊन सरकून कपाटापर्यंत गेलंय. माझी मूठ आवळलेली आहे, आत काही नाही. शिऱ्यावर तूप थिजलंय, चमचा ठेवला होता तसाच आहे. मशीन तर मी कधीच दवाखान्यात देऊन टाकलंय, घरात सुईसुद्धा नाही. तरी मी माझी दहाही बोटं उजेडाकडे धरून तपासते. कुठं ओरखडासुद्धा नाही.

मग ह्यांच्या बाजूला वळते. सकाळीच अंथरलेली पांढरी चादर, कडेजवळ तिच्यावर तिळाएवढा लाल ठिपका. अजून ओला आहे.

अर्धवट उघडा शिरा उशाशी आहे, त्याला एक मुंगी लागलेली नाही. मुंग्यांची रांग पलंगाच्या पायावरून वर चढलीय आणि त्या ठिपक्याभोवती गोळा झालीय. मी हळदीचा डबा आणायला उठत नाही. पाय पोटाशी घेऊन त्यांना जागा करून देते. हे टेकून बसतात त्या शालनच्या कट्ट्यावर कधी मुंग्या आल्या होत्या का, एवढं तिला विचारायचं मनात येतं, पण मी विचारणार नाही.