पालथी पायरी

ल्युदमिला सोखाइतकं भित्रं माणूस आमच्या गावात दुसरं झालं नाही, पुढे होईल असं वाटत नाही. मी तेओफिला, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर कोबी चिरलेली बाई. ती त्याच शाळेत इतिहास शिकवायची, आणि तिचं घर माझ्या घरासमोर. म्हणजे मी ऐकीव सांगत नाहीये.

ढग गडगडला की ही चर्चमधून आणलेली मेणबत्ती खिडकीत लावून बसायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. मुख्याध्यापकांनी बोलावलं तर आधी माझ्याकडे येऊन घोटभर पाणी प्यायची, मग जायची. लग्न केलं नाही, तेही मला वाटतं घाबरूनच. एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, तो घोरला असता तर?" आता याच्यावर काय बोलणार, कपाळ!

आणि ती दारातली पायरी. करड्या दगडाची, चांगली रुंद, दोन माणसं उभी राहतील अशी. त्या पायरीवर ल्युदमिलाचा पाय पडलेला मी कधी पाहिला नाही. ढांग टाकून ओलांडायची. आता उंबऱ्यावरून हात मिळवू नये, काही देऊ-घेऊ नये, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मी सूप घेऊन गेले तर तीही म्हणायची, "तिथून नको, आत ये, मग दे." पण अशी उडी मारून घरात शिरायचं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पोरं तिची नक्कल करायची. मीही हसायचे. म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

तर अशी ही बाई. इतकी वर्षं आठवीची सहल किल्ल्यावर न्यायची. किल्ला बघायचा, भाकरी खायची, परत यायचं. निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा शरदातल्या एका सोमवारी ती स्वयंपाकघरात आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तेओफिला, यंदा मी मुलांना बेल्झेत्सला नेणार."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

युद्धाआधी आमच्या गावात निम्मी घरं ज्यूंची होती. शिंपी, पत्रेवाले, बेकरीवाले. जर्मनांनी त्यांना बाजाराच्या चौकात उभं केलं, पोराबाळांसकट स्टेशनापर्यंत चालवत नेलं, गाडीत कोंबलं आणि बेल्झेत्सच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. परत कुणी आलं नाही. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांच्या घरांत आता आम्ही राहतो, मग बोलणार कसं?

"किल्ल्याचं काय वाईट होतं गं?" मी म्हटलं.

"काही नाही. पण निवृत्त झाले की हे करायला मला कोण विचारणार? आणि मी मेले की कोण करणार?" तिने पेला विसळून जागेवर ठेवला.

मग ती तयारीला लागली, आणि भित्रं माणूस तयारीला लागलं की काय होतं ते मी पाहिलं. सुरुवात चौकातून करायची, ते लोक गेले त्याच रस्त्याने स्टेशनापर्यंत पायी जायचं, एकही शब्द न बोलता. मग बस. पोरांना मी आधी खाऊ घालायचं, कारण तिथे डबे उघडायचे नाहीत. कुणाला चक्कर येते, कुणाचा आजोबा नुकताच गेलाय, कोण कुणाशेजारी बसला की खिदळतो, सगळा विचार तिने केला. दफनभूमीत न्यायचे काचेचे दिवे आणू का, असं पोरांनी विचारलं. आमच्याकडे मेलेल्यांना दुसरं काय न्यायचं असतं? ती म्हणाली, "नको रे. त्यांच्या झाकणावर क्रूस असतो. ज्यू लोक कबरीवर खडा ठेवतात. प्रत्येकाने घरून एक खडा आणा. आपल्या अंगणातला."

बस्स, इथेच चुकलं. दुसऱ्या देशातली बाई असती तर हे वाक्य निर्धोक होतं. आमच्या गावात अंगणातला दगड मागायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी यागोदाने तो दगड बाईंच्या टेबलावर ठेवला. यागोदा म्हणजे झेनोन पिखोताची नात. झेनोनची लाकडाची वखार, निम्म्या गावाची चूल तिच्यावर पेटते, शिवाय पालकसभेचा अध्यक्ष. पोरीला आई नाही, बाप परदेशात, झेनोननेच तिला वाढवलेलं. पोरगी सरळ. म्हणाली, "बाई, आमच्या खुराड्याच्या भिंतीतून निसटला. याच्यावर काहीतरी कोरलंय."

हाताएवढा तुकडा, आणि त्यावर चौकोनी वळणाची अक्षरं. मग मागून एक पोरगा म्हणाला, "असला आमच्याकडे पण आहे, डुकरांच्या खोपटापाशी." आणि दुसरी म्हणाली, "आमच्या आजोबांचा धार लावायचा दगड तसाच आहे."

ल्युदमिलाने तो दगड उलटसुलट करून पाहिला म्हणे.

टेकडीवर ज्यूंची दफनभूमी होती. जर्मनांनी तिथले कबरीचे दगड उपटून रस्त्याला घातले. युद्ध संपल्यावर घरं जळालेली, विटा नाहीत, लोकांनी ते रस्त्यावरून उचलून घरी नेले. पाया भरला, भिंती उभ्या केल्या, आणि अक्षरांची बाजू आत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्तर वर्षं ती मूठ कुणी उघडली नव्हती, आणि उघडायला लावली कुणी? तर मेणबत्ती लावून बसणाऱ्या बाईने!

संध्याकाळपर्यंत गावाची पाचावर धारण बसली. दुकानात मी गेले तर बोलणं थांबायचं. कुणी म्हणे, हिला बाहेरून कुणीतरी शिकवलंय. कुणी म्हणे, ती पोरांकडून घरोघरची माहिती काढतेय. माझा म्हातारा अंगणात कंदील घेऊन वाकून वाकून विहिरीचा काठ बघत होता. म्हटलं, "काय शोधतोयस?" तर खेकसला, "काही नाही! तू आत जा!" खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या गावात त्या आठवड्यात सगळ्यांनाच खवखवत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ल्युदमिलाच्या फाटकासमोर राडारोड्याचा ढीग. विटा, दगड, चुन्याचे गठ्ठे, कुणीतरी ट्रकने रिकामे केलेले. फाटक उघडेना. गावात तसा ट्रक एकाच वखारीत आहे. दगड हवेत ना तुला, घे मग, असा त्याचा अर्थ.

मी धावत गेले. तर ही बाई फाटकावरून पलीकडे उतरलेली, गुडघे खरचटलेले, आणि एकेक दगड उचलून उलटा करून बघतेय.

"ल्युदमिला, वेडी झालीस का? पोलिसांना सांग. आणि ती सहल सोड. जिवाशी खेळ आहे हा."

"एखाद्यावर काही लिहिलेलं असेल," ती म्हणाली, "आणि टाकणाऱ्यांना माहीत नसेल."

"अगं तुला भीती नाही वाटत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली. "तेओफिला, मला रात्रंदिवस भीती वाटते. उलटीसारखी वाटते. पण ही भीती नवी नाही गं."

तेव्हा मला कळलं नाही काय म्हणते ते.

मुख्याध्यापकांनी तिला समजावलं. पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं मोठं उद्यान झालंय, तिथे न्या पोरांना, इतिहास काय पळून जातोय? ती मान हलवत राहिली. शेवटी त्यांनी पालकसभा बोलावली. निम्म्या पालकांनी तरी पोरं पाठवायला हवीत, नाहीतर सहल रद्द. आणि सहल रद्द झाली असती तर ल्युदमिलाला त्या गावात राहता आलं नसतं. ज्याने एकदा हात घालून माघार घेतली, त्याला लोक जिवंत सोडत नाहीत.

सभा माझ्याच भोजनघरात. उकडलेल्या कोबीचा वास, पोरांच्या लहान बाकांवर बसलेले मोठमोठे बाप्ये, आणि भिंतीला टेकून झेनोन.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या यागोदाला शिकवता, तुमचा मान आहे. पण आज दगड मागताय. उद्या कुणी येऊन घरं मागेल. मग कोण उभं राहणार? तुम्ही?"

"खरं आहे," मागून बायका म्हणाल्या. "मेलेल्यांना उकरून काय मिळणार? आमच्या पोरांना झोप लागत नाहीये."

"आमच्या बापजाद्यांनी कुणाला मारलं नाही!" कुणीतरी ओरडलं.

"कोण म्हणतंय मारलं म्हणून?" मी पळी आपटली. "घसा फाडायचा असेल तर बाहेर जा, माझ्या भांड्यांवर थुंकी उडतेय!"

ल्युदमिला उभी राहिली. तोंड उघडलं, आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. लोक हसायला लागणार, तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या घरी चला. जवळच आहे. सगळ्यांनी या."

आणि चालू लागली. लोक उठले, कुतूहल भीतीपेक्षा चिवट असतं. मीही पदर खोचल्यासारखा एप्रन घट्ट बांधून निघाले.

दारात ती थांबली. पडवीतून पहार आणली. तिला ती उचलवत नव्हती.

"ही पायरी माझ्या वडिलांनी बसवली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की लोकांना जवळ यावं लागलं. "मरताना त्यांनी मला सांगितलं, ल्युदका, दगड पालथा घातलाय. उलटा करू नकोस. आणि त्याच्यावर पाय देऊ नकोस. मी एकवीस वर्षांची होते. तेव्हापासून मी रोज घाबरते. पाऊस आला की वाटतं, माती वाहून जाईल आणि दिसेल. पाहुणा आला की वाटतं, याला कळलं. माझ्या दारात कोण झोपलंय हे मला माहीत नाही, आणि मी त्याच्यावरून उड्या मारत म्हातारी झाले. तुम्हाला भीती वाटते ना? मलाही वाटते. म्हणून आधी माझी काढते."

कुणी पुढे होईना. शेवटी मीच पहार घेतली. माझे हात पोती उचललेले, मला काय? टोक दगडाखाली घातलं आणि अंगाचा भार टाकला. पायरी हलली, उठली, आणि मागे पडली, अक्षरं वर करून.

इतकी वर्षं तोंड मातीत असल्याने त्या दगडाचं ऊन-पावसाने काही बिघडलं नव्हतं. काल कोरल्यासारखी अक्षरं. वर अनेक फांद्यांचं एक दीपदान कोरलेलं, त्याची एक फांदी मोडलेली.

"बाई होती," ल्युदमिला म्हणाली. "दीपदान बायकांच्या कबरीवर असतं. नाव मला वाचता येत नाही."

ती खाली बसली आणि बाहीने अक्षरांतली माती पुसायला लागली. आणि मग रडली. मोठ्याने, पोरासारखी. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, घाबरताना मात्र रोज पाहिलं होतं.

लोक एकेक करून पांगले. झेनोन सगळ्यांत शेवटी गेला, टोपी हातात धरून.

त्यानंतर दोन दिवस गाव मुकं. एकाही घरातून पोराचं नाव आलं नाही. सगळे झेनोनकडे बघत होते आणि झेनोन वखारीतून बाहेर पडत नव्हता. एका पहाटे कुणीतरी ल्युदमिलाची खिडकी फोडली, कोण ते आजवर कळलं नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाणी प्याली. म्हणाली, "नाही होणार गं." मी म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर पडो असं म्हणायचीही सोय नाही ठेवलीस." हसली बिचारी.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडे बसून काच गोळा करत होते. बाहेर चाकांचा आवाज. झेनोन, हातगाडी ढकलत, एकटा. गाडीत गोणपाटात गुंडाळलेली बोचकी.

तो दाराशी येऊन उभा राहिला. आत न बघता म्हणाला, "खुराडं पाडलं मी. राडारोडा निघालाय. कुठे टाकायचा ते विचारायला आलो."

राडारोडा कुणी एकेक वेगळा गोणपाटात गुंडाळत नाही. मी तोंड उघडणार होते, ल्युदमिलाने माझा दंड दाबला.

"टेकडीवर," ती म्हणाली. "सहलीत आता आधी तिथे जाऊ, मग चौकात. मुलं मांडतील. अक्षरं वर करून."

"मुलं म्हणजे..." तो घुटमळला. "यागोदाचं नाव लिहून घ्या. बाकीचे लिहितील मग. मी सांगतो त्यांना." आणि जरा थांबून, "माझ्या बापाने मला काही सांगितलं नव्हतं हो बाई. पण अंडी गोळा करायला तो कधी त्या खुराड्यात गेला नाही. आईलाच पाठवायचा."

त्याने हात पुढे केला. ल्युदमिलाने घेतला नाही.

"उंबऱ्यावरून नको, झेनोनभाऊ," ती म्हणाली. "आत या."

त्याने खाली पाहिलं. पायरी होती तिथे लांबरुंद खड्डा, दगडाच्याच मापाचा, ओली काळी माती. वखारीचा मालक, ज्याच्यासमोर निम्मं गाव मान वर करत नाही, तो त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि त्याचा चेहरा मेणासारखा झाला. कितीदा आला असेल तो या दाराने, नाताळाला, नातीच्या निकालाला. धाडधाड पायरी चढून.

मग त्याने चौकट घट्ट धरली, पाय उंच उचलला, आणि पोरं ज्याची नक्कल करून हसायची तशीच ढांग टाकून आत आला.

मी चहा ठेवायला उठले.