साहेबांच्या गावचा मनोरा

युद्धात जळून गेलेला मनोरा मी आमच्या गणपतीमागे उभा केला आणि तो ज्यांच्या गावचा, त्या साहेबांनाच दर्शनाला बोलावलं.

साहेब पोलंडचे. वर्ल्ड कपसाठी आखातात चाललेल्या एका स्टेडियमच्या कामावर मी त्यांच्या हाताखाली साईट इंजिनियर होतो. त्या उन्हाळ्यात मी एक पराक्रम गाजवला होता. रद्द झालेलं जुनं ड्रॉइंग साईटवर दिलं आणि जिथे दरवाजा हवा तिथे पक्की भिंत आली. भिंत पाडली. माझं काँट्रॅक्ट वाढवायचं की मला परत नाशिकला धाडायचं, हे साहेबांच्या सहीवर आलं. विचारलं की म्हणायचे, "इन्शाल्ला." म्हणजे 'बघू, देवाची मर्जी'. पोलंडच्या माणसाच्या तोंडून हा शब्द आला की समजावं, तिकीट नाशिकचं.

एरवी मोजकं बोलणारे साहेब चहाच्या वेळी गावाच्या विषयावर मात्र थांबत नसत. लहानसंच गाव. मधोमध चौक, चौकात नगरभवन, पलीकडे विटांचं चर्च, नदीकाठी बंद पडलेली गिरणी आणि तिच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं. स्वीडिश फौजांनी कधीकाळी गाव जाळलं, ते तर असं सांगायचे की जणू आत्ताच आग विझवून बादली खाली ठेवून आलेत.

यंदा देखावा या गावाचाच करायचा, असं मी ठरवलं. लोक गणपतीमागे हिमालय करतात, चांद्रयान करतात, मग पोलंडने काय घोडं मारलंय? बायको म्हणाली, सरळ जाऊन माफी मागा की. पण सरळ गोष्टी सुचल्या असत्या तर दरवाजाच्या जागी भिंत कशाला आली असती?

नेटवर नगरभवनाचं छान रंगीत चित्र मिळालं. वर घड्याळाचा उंच मनोरा. नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापून अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चौक उभा केला. बायकोने कुरकुरत का होईना, विटा रंगवल्या.

साहेब आले, बूट काढले, मोदक हातात घेतला आणि मनोऱ्याकडे बघतच राहिले. मोदक हातातच. मग हळूच म्हणाले, हा दुसऱ्या महायुद्धात जळाला, परत कुणी बांधला नाही. आता तिथे सपाट छप्पर आहे.

म्हणजे चित्र जुनं, रंग कुणीतरी मागाहून भरलेले. आणि मी त्या मनोऱ्यावर लुकलुकणारी माळ सोडली होती! मनातल्या मनात मी सामान भरायला घेतलं. कुकर आधी, की मिक्सर?

तेवढ्यात साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर त्यांचे म्हातारे वडील. साहेबांनी फोन मनोऱ्यासमोर धरला आणि पलीकडून बोलणं सुरू झालं ते थांबेचना. साहेबांनी आम्हाला थोडक्यात सांगितलं: लहानपणी वडील याच घड्याळाखाली उभे राहून आजोबांची वाट बघत, आणि घड्याळ कायम मागे असे. एवढ्या वर्षांनी मनोरा दिसला म्हणून म्हातारबुवा रडत होते, हसतही होते. पुढे बसलेले हे मोठ्या पोटाचे गृहस्थ कोण, असंही त्यांनी विचारलं म्हणे.

मग साहेबांनी मोदक खाल्ला, वर आणखी मागून घेतला. बूट घालताना म्हणाले, उद्या केबिनमध्ये ये, सही करून टाकू. माझ्या छातीवरची अख्खी भिंत उतरली. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं.

साहेबांनी तेही बघितलं असावं. लिफ्टचं दार लागता लागता ते तिला म्हणाले, "मॅडम, हा घरीसुद्धा जुन्याच ड्रॉइंगवर काम करतो."