पाण्याखालच्या शेतांची यादी

माझे वडील, अण्णा, माकणीला शिक्षक होते. धरणाच्या पाण्यात गेलेल्या शेतांची नावं ते निवृत्तीनंतर एका बोटानं कॉम्प्युटरवर टाइप करत. गेल्या वर्षी मी लोहाऱ्याहून गेले आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली. सुरू केला, तर डेस्कटॉप कोरा. यादी कुठंच दिसेना.

"न्हाय सापडली तर पुन्हा लिहू की," अण्णा म्हणाले. पण ते उगाच चष्मा पुसत राहिले.

मग आठवलं, अपग्रेड करताना जुन्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. मी सेटिंगमध्ये जाऊन लपलेली फोल्डरं दिसतील असं केलं. अंधुक रंगाची दोन-तीन फोल्डरं वर आली. एकात जुनी सिस्टीम होती, तिच्यात अण्णांचं फोल्डर आणि त्यात यादी.

"अण्णा, सापडली!"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "वाच मोठ्यानं."

मी वाचू लागले. चिंचेचं, खडकाळी, दोन आंब्याचं, वाकडी पट्टी...

"थांब थांब," अण्णा म्हणाले, "विहिरीवरचं लिहायचं राहिलंच व्हय!" आणि मला बाजूला सारून ते एकेक अक्षर शोधायला लागले.