रूथताईंची रविवारची यादी

आम्ही चार रविवार एका मेलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून प्रार्थना केली.

आणि यादी वाचणारी मी होते.

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी आजाऱ्यांची नावं वाचतात. ते काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी हातात धरून उच्चार घासून घेतले, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. लोक कौतुक करतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या रविवारी आमोसकाकांची मुलगी सटाण्याहून आली. काका शेवटी तिच्याकडेच होते. उपासना झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"बाई, पप्पांना जाऊन महिना झाला. तिकडेच माती दिली."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

मग मीच चिडले. पाळकसाहेबांवर, सेक्रेटरीवर, अख्ख्या कमिटीवर. दोन-दोन व्हॉट्सॲप ग्रुप, रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर बायबलचं वचन, आणि आपल्यातला माणूस गेला हे कुणालाच माहीत नाही?

कमिटीने दिलगिरी व्यक्त केली आणि गूगल फॉर्म काढायचं ठरवलं.

मी विचारलं, मग आधी कसं कळायचं?

चर्चची झाडलोट करणारे शमुवेलभाऊ खुर्च्या लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आधी रूथताई होत्या ना."

रूथताईंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. आज एक वर्ष झालं. म्हणून हे लिहितेय.

सातवी शिकलेल्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुण्यात सगळी नोकरी गेली. दर रविवारी उपासना संपली की माझ्यापुढे हात करायच्या. "झालं का वाचून? द्या."

मी यादी द्यायचे. त्या घडी घालून ती चष्म्याच्या केसमध्ये ठेवायच्या.

मला वाटायचं, किराणा लिहायला कागद लागत असेल. एकदा मी तसं बोललेही. मागची बाजू कोरी असते, छान उपयोग होतो तुम्हाला, म्हटलं. त्या नुसत्या हसल्या.

शमुवेलभाऊंकडून मला त्या दिवशी कळलं. त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जायच्या. रिक्षाने, बसने, एकदा तर जीपमध्ये दाटीवाटीने बसून पार डोंगरातल्या सुरगाण्याला. शनिवारी परत येऊन लाल पेन्सिलीने बऱ्या झालेल्यांची, गेलेल्यांची नावं खोडायच्या, नवी लिहायच्या. मला रविवारी त्याची टाइप केलेली प्रत मिळायची.

त्या गेल्यावर यादीत नावं वाढत गेली. कमी एकही झालं नाही. आणि मी खणखणीत आवाजात वाचत राहिले.

अजून एक सांगायचं आहे. शेवटचे तीन रविवार यादीत त्यांचंच नाव होतं. तेही मी वाचलं. स्पष्ट वाचलं.

भेटायला गेले नाही.

साठ वर्षं बायबल वाचतेय मी. मग या बाईपाशी असं काय होतं, की जे मी वाचायचे ते तिच्या पायांत उतरायचं? आजाऱ्याच्या उशाशी बसून ती नेमकी काय प्रार्थना करत असेल? मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून त्या सोमवारी यादी घेऊन निघाले. पहिलं नाव लीलाबाईंचं. गंगापूर रोड. पॅरालिसिस होऊन सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मी त्यांचं नाव किती रविवार वाचलं असेल, चेहरा कधी पाहिला नव्हता.

त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं.

"तुम्ही त्या वाचणाऱ्या बाई ना? रूथ सांगायची. उंच, चष्मा, आणि तोंडावर कायम तक्रार."

सून चहा टाकायला गेली. हसू लपवायलाच गेली, मला कळलं.

मी विचारलं, रूथताई इथे काय प्रार्थना करायच्या?

"ती कुठे करायची? मलाच करायला लावायची. मी रडले होते, आता माझा कुणाला काय उपयोग म्हणून. तर म्हणाली, तुला वेळ आहे ना भरपूर? मग ही नावं धर."

उशीखाली एक वही होती. त्यात नावं, आणि प्रत्येकापुढे काय मागायचं ते. यादीतला प्रत्येक आजारी दुसऱ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होता. रूथताईंनी सगळ्यांना कामाला लावलं होतं.

"तुमचंही आहे की," लीलाबाई म्हणाल्या.

माझं? मला काय झालं होतं?

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावापुढे रूथताईंच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: आवाज चांगला आहे. पाय निघत नाही. निघू दे.

"तीन वर्षं मागतेय रोज," लीलाबाई म्हणाल्या. मग सुनेला हाक मारून पेन्सिल मागितली. "झालं ना आता. आलात. खोडते."

मी त्यांचा हात धरला.

म्हटलं, इतक्यात नको. राहू द्या.

अजून आहे ते नाव. गेल्या आठवड्यात पाहून आले.

रूथताई, यादी आता माझ्या चष्म्याच्या केसमध्ये असते. सुरगाण्याच्या जीपचं धाडस अजून झालेलं नाही. तुम्हाला भेटायला आले नाही, त्याची माफी मागते.

प्रभूच्या घरी विसावा घ्या. सोमवारी मी निघतेय.