तळ्यापलीकडचा तिळगूळ

आजोबा खरंच स्नोमोबिल चालवायचे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. चालवायचे. बर्फावर धावणारी ती मोटरसायकलच म्हणा, फक्त तिला चाकं नसतात. निवृत्तीनंतर आम्ही हिवाळ्याचे दोन महिने कॅनडातल्या आमच्या व्हिटबी गावाहून उत्तरेला, एका तळ्याकाठचं लाकडी घर भाड्याने घेत असू. तिथे आजोबांनी एक जुनी स्नोमोबिल विकत घेतली होती.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक वृद्ध कॅनेडियन गृहस्थ एकटे राहत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हाला शिस्त लावली. पाण्यावर तरंगतं ठेवणारं जाकीट अंगात घालायचं. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे हवेत. पाण्यात पडलं तर ते बर्फात रोवून वर येता येतं. निघताना परतायची वेळ सांगायची. दरवर्षी ते स्वतः गिरमिटाने भोकं पाडून बर्फाची जाडी मोजत आणि भरवशाच्या वाटेवर हिरव्या फांद्या रोवत. फांद्या लागल्याशिवाय तळ्यावर गाडी उतरवायची नाही, हा त्यांचा नियम.

दुसऱ्या वर्षी डिसेंबर उबदार गेला. संक्रांत आली तरी फांद्या लागल्या नव्हत्या. सकाळी आजोबांनी तिळगुळाचा डबा पिशवीत घातला, हेल्मेट चढवलं आणि खुंटीकडे गेले.

"किल्ली कुठे आहे?"

"खुंटीवर नाही का?"

"असती तर विचारलं असतं?"

"मग मला काय ठाऊक!"

ते माझ्याकडे बघत राहिले. "या घरात तू टाचणीचीसुद्धा जागा ठरवली आहेस. इथे वस्तू हरवत नाही."

मला खोटं बोलता येतं. पण माझ्या सवयी माझ्या बाजूने साक्ष देत नाहीत.

"फांद्या लागल्या नाहीत अजून," मी म्हटलं.

"चार रात्री उणे वीस आहे. आयुष्यभर पूल बांधलेत मी. कुठला थर किती भार घेतो, ते मला कळतं."

"तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो."

"हो, आळशी लोक देतात तसा."

शेवटी आम्ही कार काढली. तळ्यावरून दहा मिनिटं लागली असती, वळशाने पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ते एकच वाक्य बोलले, "गोड बोला हे तुमच्या माहेरी शिकवत नाहीत वाटतं."

गृहस्थांनी लाडू चवीने खाल्ला आणि रस्त्याने का आलात, असं विचारलं.

"बायकोने किल्ली लपवली," आजोबा म्हणाले.

गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं गिरमिट आणि एक लांब लोखंडी पहार उचलली आणि आम्हाला काठावर घेऊन गेले. दारासमोर भोक पाडलं, तिथे बर्फ वीतभर जाड होता. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गृहस्थ पहारीने पुढचा बर्फ ठोकत, काठाकाठाने ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूला गेले. आम्हाला मात्र काठावरच थांबायला सांगितलं. तिथे त्यांनी हात लांब करून पहार एकदाच मारली. ती आरपार गेली आणि भोकातून काळं पाणी वर आलं.

परत आल्यावर ते म्हणाले, "खाली पाणी वाहतं आणि वर भुसभुशीत बर्फाचं पांघरूण आहे. थंडी आत पोचतच नाही. वरून सगळं सारखंच दिसतं."

आजोबा आधी त्या भोकाकडे आणि मग पलीकडे, आमच्या घराच्या धुराड्याकडे पाहत राहिले. गृहस्थांच्या दारातून धुराड्यापर्यंत सरळ रेष काढली असती, तर ती त्या भोकावरूनच गेली असती. जाकीट आणि खिळे आमच्या घरी दाराशीच टांगलेले होते. डबा आणि हेल्मेट घेतलेले आजोबा सकाळी त्यांच्याजवळून दोनदा गेले होते.

परतताना कार त्यांनी चालवली. निम्म्या वाटेवर विचारलं, "कुठे ठेवली आहेस?"

"तिळाच्या बरणीत."

"बरं." इतकंच. घरी आल्यावर मी किल्ली काढून पुसली, पण खुंटीवर लावली नाही. त्यांनीही मागितली नाही.

रथसप्तमीच्या आधी दोन दिवस तळ्यावर फांद्या दिसल्या. ओढ्याला लांब वळसा घालून त्या पलीकडे गेल्या होत्या. रथसप्तमीला मी उरलेल्या तिळाचे लाडू वळले. आजोबांनी जाकीट घातलं, खिळे गळ्यात अडकवले आणि हात पुढे केला. मी त्यावर किल्ली ठेवली.

"साडेबारा," ते म्हणाले.

बारा वाजून वीस मिनिटांनी गाडीचा आवाज ऐकू आला. मी पानं वाढायला घेतली.